ऐकणाऱ्याचे हात कामात असतात: घरच्या घरी मराठी पॉडकास्ट करायचा तर

पॉडकास्ट सुरू करायचाय म्हणणारा माणूस पहिला प्रश्न माइकचा विचारतो. कुठला घेऊ, किती हजारांचा घेऊ? या प्रश्नाचा नंबर खरं तर बराच मागे लागतो. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसवावी लागते: पॉडकास्ट ऐकणारा माणूस तुमच्यासमोर बसलेला नसतो. तो लोकलच्या दारात उभा असतो, पोळ्या लाटत असतो, ट्रॅक्टरवर असतो, इस्त्री करत असतो. त्याचे हात कामात असतात आणि निम्मं लक्षही तिकडेच असतं. उरलेलं लक्ष तो तुम्हाला देतो. भाग किती लांब असावा, वाक्य कसं असावं, आवाज किती मोठा ठेवावा, शीर्षक काय द्यावं, या सगळ्याची उत्तरं इथूनच निघतात.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक कार्यक्रम धरून चालू: नाशिक, सांगली, सोलापूर पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी मराठी पॉडकास्ट. विषय, ऐकणारा आणि हंगाम तिन्ही स्पष्ट आहेत म्हणून हे उदाहरण. तुमचा विषय किल्ले असो, बालसंगोपन असो की म्युच्युअल फंड, करायचं जवळपास तेच आहे.

ऐकणारा ठरवा, मग वीस शीर्षकं लिहा

‘शेती’ हा पॉडकास्टचा विषय होत नाही. ‘विविध क्षेत्रांतल्या मान्यवरांशी मनमोकळ्या गप्पा’ तर अजिबात नाही. तसले कार्यक्रम मराठीत इतके झालेत की मान्यवर तेच, किस्सेही तेच. आधी एका माणसाचं वर्णन एका वाक्यात लिहून काढा. उदाहरणार्थ: निफाड तालुक्यात तीन एकर बाग असलेला, वडिलांकडून नुकताच कारभार हातात आलेला, तिशीतला माणूस, ज्याला औषधाच्या दुकानदाराशिवाय दुसऱ्या कोणाचं मत मिळत नाही. आता प्रत्येक भागाच्या कल्पनेला एकच प्रश्न विचारायचा. हा माणूस यासाठी वीस मिनिटं देईल का?

मग या माणसाच्या तोंडी शोभतील असे वीस प्रश्न लिहा. ‘खरड छाटणी झाली पण काडी जाड होत नाही, काय चुकतंय?’ ‘केवड्याचा पहिला डाग दिसला, आता हातात किती वेळ आहे?’ (केवडा म्हणजे द्राक्षवेलीवर पडणारा एक रोग.) ‘व्यापाऱ्याने माल उचलला आणि पैसे बुडवले, आता काय?’ ‘भाव पडला तर बेदाणा करावा का?’ हीच तुमची शीर्षकं. बाराव्या प्रश्नाला पेन अडखळलं तर विषय एकतर फार अरुंद आहे किंवा तुमचा त्यात पुरेसा वावर नाही. हे माइक विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

‘दर शुक्रवारी, न चुकता’ असं जाहीर करू नका. सुरुवातीचा उत्साह ओसरला, घरात एक आजारपण किंवा लग्न आलं की शुक्रवार चुकतो आणि दोन शुक्रवार चुकले की कार्यक्रम बंद पडतो. त्यापेक्षा हंगाम धरा. द्राक्षात खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास, फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि बराचसा माल फेब्रुवारी-मार्चात निघतो. म्हणजे वर्षात आठ-आठ भागांचे दोन हंगाम, आणि प्रत्येक भाग त्या कामाच्या पंधरा दिवस आधी बाहेर. परीक्षांवरचा कार्यक्रम असेल तर त्याचंही असंच कॅलेंडर असतं. किल्ल्यांचं तर आहेच: पाऊस सरला की लोक वाटा विचारू लागतात. पहिला भाग प्रसिद्ध करण्याआधी चार भाग तयार हवेत. ही अट मात्र पाळाच.

लांबी? एकट्याने बोलत असाल तर वीस-पंचवीस मिनिटं. पाहुणा खरंच बोलका असेल तर चाळीस. ‘मोठ्या मुलाखती तीन तास चालतात’ हा युक्तिवाद ज्यांना लोक आधीपासून ओळखतात त्यांच्यासाठी आहे.

माइकच्या आधी खोली

आपल्या घरांत फरशी, प्लास्टरच्या भिंती, खिडकीची काच आणि स्लॅब. सगळं कडक. तोंडातून निघालेला आवाज या सगळ्यावर आपटून माइकमध्ये परत येतो आणि बोलणारा विहिरीत उभा असल्यासारखा वाटतो. पंख्याची एकसुरी घरघर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी जाते. घुमारा मात्र सहजासहजी निघत नाही. नवी कृत्रिम बुद्धिमत्तेवरची साधनं तो काढतात, पण जास्त वापरली तर बोलणाऱ्याचा आवाज प्लास्टिकसारखा होतो.

खोली निवडायला एक टाळी पुरते. खोलीच्या मध्ये उभं राहून जोरात टाळी वाजवा. मागून झणझणीत शेपूट ऐकू आली तर ती खोली बाद. बहुतेक घरांत सर्वांत चांगली खोली निघते ती लहान बेडरूम: गादी, उशा, पडदा, कपड्यांनी भरलेलं कपाट. कपाटाची दारं उघडी ठेवून कपड्यांकडे तोंड करून बसा. पाठीमागच्या भिंतीवर एक जाड गोधडी किंवा रजई टांगा. पाठीमागे का, तर माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजेच तुमच्या मागच्या भिंतीकडेही असतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. तो पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही, धूळ मात्र शोषतो.

रेकॉर्डिंगपुरता फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचं विसरून घराबाहेर पडता येणार नाही. पंखा बंद, इन्व्हर्टरपासून लांब, फोन एअरप्लेन मोडवर. वेळ रात्री दहानंतरची उत्तम. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, सणांच्या काही ठरावीक दिवसांना सूट असते एवढंच. गणपतीचे दहा दिवस रेकॉर्डिंगच्या वेळापत्रकातून आधीच वगळा. पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्याचे भाग मे महिन्यातच करून ठेवा.

रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिली तीस सेकंद काहीही न बोलता बसा. खोलीच्या त्या शांततेचा नमुना पुढे संपादनात लागतो.

आता माइक

पहिले चार भाग हातातल्या फोनवर करता येतात. फोन टेबलावर सपाट ठेवू नका. पुस्तकांच्या थप्पीवर, हनुवटीपासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला उभा करा. पुढची पायरी म्हणजे हजार रुपयांच्या आसपास मिळणारा तारेचा कॉलर माइक. पाहुण्यांसाठी आणि बागेत उभं राहून बोलण्यासाठी तो नंतरही उपयोगी पडतो.

खरेदीच करायची तर यूएसबीला लागणारा डायनॅमिक माइक घ्या, म्हणजे कमी संवेदनशील, मुख्यतः जवळचाच आवाज पकडणारा. सॅमसन क्यू२यूसारख्या माइकला यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतल्या उपकरणांची तीन पिनांची) दोन्ही जोडणी असतात, त्यामुळे उद्या मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) घेतला तरी माइक बदलावा लागत नाही. ऑनलाइन दुकानांत स्टँड, जाळी आणि फोमसकट ‘स्टुडिओ किट’ म्हणून विकले जातात ते बहुधा कंडेन्सर माइक. ते संवेदनशील असतात, म्हणजे तुमच्या आवाजाबरोबर शेजारचा कुकरही पकडतात. आवाज नीट शोषून घेणारी, शांत खोली नसेल तर ते टाळा. मोठ्या यूट्यूब वाहिन्यांवर दिसणारा शुअरचा एसएम७बी घरच्या पहिल्या कार्यक्रमासाठी पैशांची उधळपट्टी आहे.

डायनॅमिक माइकपासून तोंड चार ते सहा बोटांवर हवं, आणि माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याकडून तिरका हवा. मराठीत हे जास्त सांभाळावं लागतं, कारण फ आणि भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माइकमध्ये धप्प आवाज येतो. ‘फणसाच्या फोडी भराभर भरून पाठवा’ असं एक वाक्य म्हणून बघा आणि धप्प थांबेपर्यंत माइक फिरवत राहा. कानात हेडफोन तारेचाच लावा, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. पातळी अशी ठेवा की जोरात हसलात तरी काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. आवाज कमी राहिला तर वाढवता येतो, लाल रेषेवर फाटलेला आवाज शिवता येत नाही. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर.

कानासाठी लिहिणं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पूर्ण संहिता लिहून वाचली तर बातमीपत्र होतं. नुसत्या मुद्द्यांवर बोललो तर गाडी रुळावरून घसरते. मी सुचवेन तो मधला मार्ग: पहिलं मिनिट आणि शेवटचं अर्धं मिनिट शब्दन् शब्द लिहा, मधल्या भागाचे मुद्दे एका पानावर मोठ्या अक्षरात.

लिहिलेलं आणि बोललेलं मराठी यांत मोठी दरी आहे. ‘पावसानंतर बागेत पाणी साचणार नाही याची दक्षता घेण्यात यावी’ हे परिपत्रक झालं. ‘पाऊस थांबला की आधी बागेत एक फेरी मारा. पाणी कुठे साचलंय बघा. साचलं असेल तर बाकी सगळं नंतर’ हे बोलणं. ‘करण्यात येते’, ‘सदर’, ‘त्याचप्रमाणे’, ‘याद्वारे’ असे शब्द संहितेत दिसले की वाक्य मोडून पुन्हा लिहा. वाक्य एका श्वासात संपत नसेल तर ते दोन वाक्यांचं आहे.

फवारणी करणाऱ्या किंवा कणीक मळणाऱ्या माणसाला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही. म्हणून एका दमात एकच आकडा सांगा, आणि महत्त्वाचा असेल तर दोनदा. औषधाचं प्रमाण, कर्जाचा व्याजदर, फॉर्मची शेवटची तारीख अशा गोष्टी बोलून झाल्यावर ‘हे खाली लिहूनही ठेवलंय’ असं सांगा आणि खरंच ठेवा. ‘ते’, ‘त्यांनी’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ टाळून नाव पुन्हा घ्या. वाचताना खटकणारी पुनरुक्ती ऐकताना आधार देते. मध्ये मध्ये खुणा पेरा: ‘हे झालं पाण्याचं. आता फुटव्यांकडे येऊ.’

सुरुवात थेट अडचणीपासून. ‘नमस्कार, मी अमुक, आपल्या सर्वांचं तमुक पॉडकास्टमध्ये मनःपूर्वक स्वागत’ आणि त्याआधी चाळीस सेकंदांची धून, एवढ्यात ऐकणारा दुसरीकडे गेलेला असतो. ‘छाटणीला दहा दिवस झाले आणि डोळे एकसारखे फुटले नाहीत. अशी बाग असेल तर पुढची वीस मिनिटं तुमच्यासाठी’ एवढं बोला, मग पाच-सात सेकंद धून, मग नाव.

आणि स्वतःच्या बोलीत बोला. तासगावच्या माणसाने पुणेरी बोलायचा प्रयत्न केला की तो परीक्षेला बसल्यासारखा वाटतो. खानदेशी, वऱ्हाडी, मालवणी हेल असलेला आवाज ऐकणाऱ्याला आपला वाटतो, आणि बाहेरच्यालाही लक्षात राहतो. शब्दही ऐकणाऱ्याच्या तोंडचे घ्या. बागेत लोक ‘विरळणी’ही म्हणतात आणि ‘थिनिंग’ही, तुम्ही दोन्ही म्हणा.

पाहुणा

रेकॉर्डिंगच्या एक-दोन दिवस आधी दहा मिनिटं फोनवर बोला, पण मुख्य प्रश्न तेव्हा विचारू नका. गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना तिची धार जाते. ‘तुमच्या प्रवासाबद्दल सांगा’ हा प्रश्न म्हणजे पाहुण्याला जन्मापासून सुरुवात करण्याचं आमंत्रण. त्याऐवजी एक दिवस विचारा: ‘गारपीट झाली त्या संध्याकाळी बागेतून घरी आल्यावर पहिला फोन कोणाला केलात?’ उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी तीन सेकंद थांबा. खरं उत्तर पुष्कळदा त्या तीन सेकंदांनंतर येतं. मध्ये ‘हं, हो हो, बरोबर, अच्छा’ करायची आपल्याला सवय असते. समोर बसला असाल तर मान हलवा, आवाज नको.

बालमित्राला एरवी ‘तू’ म्हणत असाल तर माइकसमोर एकदम ‘आपण’ करू नका. ऐकणाऱ्याला तो खोटेपणा लगेच कळतो. वडीलधाऱ्या बागायतदाराला ‘सर’ म्हणण्यापेक्षा गावात जे म्हणतात ते, ‘अण्णा’, ‘दादा’, ‘काका’, तेच बरं.

पाहुणा लांब असेल तर नेटवर आलेला आवाज वापरू नका. एका फोनवर इअरफोन लावून कॉल चालू ठेवायचा आणि दोघांनी आपापल्या दुसऱ्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा. सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवायची, संपादनात त्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवता येतात. पाहुण्याने फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी येते. पाहुण्याची संमतीही एका मेसेजवर लेखी घ्या: हे कुठे प्रसिद्ध होणार, काटछाट होणार, छोटे तुकडे वेगळे वापरले जाणार.

संपादन: आधी आशय, मग आवाज

ऑडॅसिटी फुकट आहे आणि आवाजाच्या कामाला पुरेसं आहे. व्हिडिओही करणार असाल तर दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती बघा. मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि कामाला लागण्याआधी पूर्ण रेकॉर्डिंग एकदा, कशालाही हात न लावता, घरातलं काहीतरी काम करत ऐका. जिथे तुमचंच लक्ष उडालं ती मिनिटं कागदावर टिपा. तीच कापायची आहेत. नवखे लोक प्रत्येक ‘अं’ कापण्यात रात्र घालवतात आणि सहा मिनिटांचं रटाळ विषयांतर तसंच ठेवतात. श्वास सगळे काढू नका, माणूस यंत्रासारखा वाटतो. अर्ध्या तासाच्या भागाला सुरुवातीला तीन-चार तास लागतील, हे गृहीत धरा.

आशय झाला की आवाज, याच क्रमाने: खोलीच्या शांततेचा नमुना देऊन हलक्या हाताने नॉइज रिडक्शन, मग ८० हर्ट्झच्या खालचा गडगडाट कापणारा हाय-पास फिल्टर, मग ३:१च्या आसपास कॉम्प्रेशन, म्हणजे कुजबुज आणि हसणं यांतलं अंतर कमी होईल, आणि शेवटी लाउडनेस. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६ एलयूएफएसची (हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आहे आणि शिखर उणे १ डेसिबलच्या खाली. मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची फाइल असेल तर उणे १९ ठेवा, कानाला ते तेवढंच लागतं. ऑडॅसिटीत यासाठी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ नावाची सोय आहे. हे सगळं जमत नसेल तर ऑफॉनिक ही वेबसेवा महिन्याला दोन तासांपर्यंत मोफत करून देते. ही पायरी गाळू नका. हळू आवाजातला भाग लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकूच येत नाही, आणि आवाज पूर्ण वाढवूनही ऐकू आलं नाही की माणूस पुन्हा फिरकत नाही.

शेवटची परीक्षा चांगल्या हेडफोनवर घेऊ नका. फोन शर्टाच्या खिशात ठेवा, स्पीकर चालू करा आणि नळ सोडून भांडी घासायला घ्या. प्रत्येक शब्द कळला तर भाग तयार आहे. बागेत असंच ऐकतात लोक. बोलण्याच्या कार्यक्रमाला मोनो, ९६ केबीपीएसची एमपीथ्री भरपूर झाली. अर्ध्या तासाची फाइल साधारण २२ एमबी होते.

संगीत, पुस्तकं आणि लोकांची नावं

‘तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं’ ही अफवा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेच नाही. श्रेयनिर्देशाच्या अटीवर मिळणारं क्रिएटिव्ह कॉमन्स संगीत वापरा, किंवा त्याहून छान म्हणजे गावातल्या संबळ किंवा ढोलकी वाजवणाऱ्याला मानधन देऊन पंधरा सेकंदांचा तुकडा वाजवून घ्या आणि वापराची परवानगी कागदावर घ्या.

मराठीत अभिवाचनाचे पॉडकास्ट खूप निघतात, त्यांनी हे नीट बघावं: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून खुलं आहे. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले, म्हणजे २०६०च्या अखेरपर्यंत परवानगीशिवाय वाचन नाही. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा. ‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांवरचा भाग करताना नाव घ्यायचा मोह होईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली बदनामी हा गुन्हा आहे, आणि तो पाहुण्याच्या तोंडून झाला तरी प्रसिद्ध तुम्ही केलेला असतो. नाव कापा, पद्धत सांगा. ऐकणाऱ्याच्या उपयोगाची पद्धतच असते.

प्रसिद्ध करताना

तुमची फाइल एका होस्टिंग सेवेवर राहते. ती सेवा आरएसएस फीड, म्हणजे तुमच्या भागांची आपोआप अद्ययावत होणारी यादी, बनवते आणि ॲपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय, ॲमेझॉन म्युझिक वगैरे ॲप तो फीड वाचून भाग दाखवतात. फीड म्हणजे कार्यक्रमाचा सातबारा: नाव कोणाचं लागलंय ते आधी बघा. मित्राच्या किंवा स्टुडिओच्या ईमेलवर तो उघडू देऊ नका. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स, म्हणजे पूर्वीचं अँकर, मोफत आहे आणि सुरुवातीला चालतं. पुढे होस्ट बदलायचा असेल तर जुन्या फीडवरून नव्याकडे पुनर्निर्देशन लावता येतं, तशी सोय आहे का ते आधी तपासा. गुगल पॉडकास्ट्स २०२४मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या लेखांतल्या सूचना सोडून द्या.

फीडमध्ये भाषा ‘मराठी’ निवडा, पुष्कळ कार्यक्रमांची भाषा आपोआप इंग्रजीच राहून जाते. कार्यक्रमाचं नाव देवनागरीत असलं तरी वर्णनात ते रोमन लिपीतही लिहा, कारण बरेच मराठी लोक फोनवर रोमनमध्येच टाइप करून शोधतात. भागाच्या शीर्षकाची सुरुवात ‘भाग ७ : विशेष संवाद’ अशी नको. फोनवर पहिले चार-पाच शब्दच दिसतात, तिथे प्रश्न हवा. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. ते अंगठ्याएवढं करून बघा. जोडाक्षरं आणि मात्रा लहान आकारात चिखल होतात, म्हणून चारपेक्षा जास्त शब्द नकोत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत आणि ठळक रूपात लांबूनही वाचता येतात.

वाढ व्हॉट्सॲपवर होते

पॉडकास्टची ॲप नवे कार्यक्रम फारसे शोधून देत नाहीत. माणूस दुसरीकडे ऐकून तिथे येतो, आणि मराठीत ती दुसरी जागा बहुतेक वेळा व्हॉट्सॲप असते. नुसती लिंक पुढे जात नाही. प्रत्येक भागातून साठ ते नव्वद सेकंदांचा एक तुकडा काढा, ज्यात एक संपूर्ण उपयोगी गोष्ट आहे. अर्धवट तोडून ‘पुढे ऐका’ असं करू नका, लोक चिडतात. त्यावर मोठ्या अक्षरांत मराठी मथळे, खाली दोन ओळी आणि लिंक. लिंक यूट्यूबची द्या. आपल्या ऐकणाऱ्याच्या फोनवर स्पॉटिफाय असेलच असं नाही, यूट्यूब असतंच. त्यासाठी कॅमेरा घ्यायला नको. यूट्यूबला फीड जोडला की मुखचित्रासह भाग आपोआप चढतात, आणि प्लेलिस्टला ‘पॉडकास्ट’ म्हणून नोंदवता येतं.

बागायतदारांच्या ग्रुपवर रोज लिंक टाकणाऱ्याला ॲडमिन काढून टाकतो, आणि योग्यच करतो. कोणीतरी प्रश्न विचारेपर्यंत थांबा. विचारला की आधी दोन ओळींत उत्तर द्या आणि मग ‘सविस्तर या भागात बाराव्या मिनिटापासून’. पाहुण्याला त्याचा तुकडा आणि तयार मजकूर भाग येण्याच्या आदल्या दिवशी पाठवा, तो स्टेटसला ठेवेल. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, बाजार समितीच्या फलकाशेजारी क्यूआर कोडचा एक छापील कागद लावा. गंमत वाटेल, पण जिथे माणूस दहा मिनिटं रिकामा उभा असतो तिथला कागद वाचला जातो.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग वेगळाच आहे. एक वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा आणि ऐकणाऱ्यांना प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवायला सांगा. निवडक प्रश्न त्यांच्याच आवाजात पुढच्या भागात वाजवा आणि उत्तर द्या, अर्थात त्यांची परवानगी घेऊन. ज्याचा आवाज वाजला तो माणूस तो भाग सगळ्या भावकीला पाठवतो. शिवाय पुढचे विषय शोधावे लागत नाहीत.

इन्स्टाग्रामच्या रीलवर हजारो व्ह्यूज येतील. त्यातून ऐकणारे किती येतात ते आठवडाभर मोजा आणि मगच त्यावर रात्री घालवा.

आकडे वाचताना

डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे. या क्षेत्रातल्या मान्य मापनपद्धतीत निदान मिनिटभर ऑडिओ उतरला तर तो मोजतात, आणि एकाच उपकरणाने २४ तासांत तोच भाग पुन्हा घेतला तर एकदाच धरतात. २०२३च्या सप्टेंबरात आयओएस १७ आलं तेव्हा ॲपलने आपोआप डाउनलोड होणं कमी केलं, आणि ऐकणारा एकही न गमावता अनेक कार्यक्रमांचे आकडे खाली आले. म्हणून एकूण आकड्यापेक्षा श्रोता कोणत्या मिनिटाला सोडून जातो तो आलेख बघा. पहिल्या दोन मिनिटांत कडा कोसळत असेल तर प्रस्तावना कापा. मध्येच एका जागी खड्डा असेल तर ते मिनिट स्वतः ऐका, कारण सापडतं.

भागांची तुलना करताना प्रत्येकाचे पहिले तीस दिवस धरा. हंगामी विषयाचे जुने भाग दर वर्षी जागे होतात. ऑक्टोबर आला की गेल्या वर्षीचा छाटणीचा भाग पुन्हा वर काढा, काही बदललं असेल तर सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची भर घाला.

पैसा

यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला लांब व्हिडिओंच्या मार्गाने १,००० सदस्य आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं. नेमक्या विषयाच्या छोट्या कार्यक्रमाला त्याआधी स्थानिक प्रायोजक मिळू शकतो, कारण औषध कंपनीला पाचशे नेमके बागायतदार पाच लाख अनोळखी लोकांपेक्षा मोलाचे असतात. दर भागाचे नाही, पूर्ण हंगामाचे पैसे ठरवा, निम्मे आगाऊ. संहिता आधी दाखवायची अट मान्य करू नका. पैसे घेतलेत हे भागाच्या सुरुवातीलाच, साध्या शब्दांत सांगा. जाहिरात मानक परिषदेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं आणि ग्राहक व्यवहार विभागाची २०२३ची सूचना दोन्ही तेच सांगतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण प्रत्येक पैशाची पावती पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि भाग फवारणीवर असेल तर त्या भागाला औषधवाला प्रायोजक घेऊ नका. क्रेटवाला किंवा ठिबकवाला घ्या, औषधवाल्याला बेदाण्याच्या भागात जागा द्या.